जाग्या हृदयाची साखर

तळघरातल्या त्या खोलीत मोठ्याने बोलायची कुणाची प्राज्ञा नव्हती. तिथे एकशे चाळीस पांढरे उंदीर राहत, आणि दिवसाचे आठ तास त्यांच्यासोबत मऊताई. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल. पण हाताला मऊ म्हणून कुणीतरी कधीतरी तसं म्हटलं आणि तेच चिकटलं. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, दाणापाणी, कुणी मलूल दिसला तर वेगळा काढून ठेवणं, हे त्यांचं काम. सुई टोचताना उंदीर धरणं हे काही त्यांचं काम नव्हे. ते माझं. पण मी धरला की तो चावायचा, आणि त्यांनी धरला की माहेरी आल्यासारखा मुठीत बसायचा.

"डॉक्टरीणबाई," त्या म्हणायच्या, "तुमचे हात थंड, आणि त्याहून तुमचं मन घाईत. त्याला सगळं कळतं."

"मी अजून डॉक्टरीण नाही, ताई. प्रबंध व्हायचाय."

"मग लवकर व्हा. मला दुसरं काही म्हणायची सवय नाही."

मग उंदराला मुठीत घेऊन, अंगठ्याने त्याच्या कपाळावरून फिरवत, ओठातल्या ओठात काहीतरी जुळवत राहायच्या. दर वेळी नवं असायचं. एक मला आठवतंय:

इवल्या जिवा रे, नको सुईला भिऊ,
बोटांच्या घरात घडीभर दोघं राहू.

तेवढ्यात मी शेपटीच्या शिरेत सुई घालून मोकळी झालेली असायची.

माझा अभ्यास हृदयाच्या खाण्याचा होता. हृदय मोठं खादाड. त्याला जन्मभरात एका क्षणाची सुट्टी नाही, म्हणून मिळेल ते खातं. कधी चरबी, कधी साखर. थकलं की मात्र त्याचं खाणं बिघडतं. दुसऱ्याच एका दुखण्यावर वर्षानुवर्षं दिली जाणारी एक साधी गोळी होती. ती थकलेल्या हृदयाला पुन्हा साखर खायला लावते, असा माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमचा अंदाज. तो खरा की खोटा, हे मी उंदरांत बघत होते.

बघायची रीत अशी. साखरेला किरणांची अगदी थोडी खूण लावायची आणि ती शिरेतून आत सोडायची. चाळीस मिनिटं थांबायचं. मग उंदराला स्कॅनच्या यंत्रात, गरम गादीवर निजवायचं. ज्या अवयवाने साखर उचलली, तो पडद्यावर उजळतो. चित्र निघताना उंदीर हलून चालत नाही, म्हणून नाकाशी नळी लावून गॅसची भूल द्यायची. चित्राला पंधरा मिनिटं पुरतात. भूल उतरली की तो झिंगल्यासारखी दोन पावलं टाकतो आणि काही झालंच नाही अशा थाटात मिशा साफ करायला बसतो.

पहिले बारा उंदीर थकलेल्या हृदयाचे, पण औषधाविना होते. त्यांची चित्रं मी मऊताईंच्या मदतीने काढली. त्यांनी धरायचं, मी टोचायचं, मग त्यांनी पिंजऱ्यावर फडका टाकून चाळीस मिनिटं शेजारी बसायचं. उंदीर आत जागाच. भूल फक्त शेवटी, चित्रापुरती.

दुसऱ्या बारांना सहा आठवडे औषध द्यायचं होतं. ते संपून चित्रांची वेळ आली तेव्हा मऊताई महिन्याच्या रजेवर गेल्या होत्या. पित्ताशयात खडे झाले होते, त्याचं ऑपरेशन. आता धरणार कोण? पहिल्याच उंदराने माझ्या बोटाचा लचका तोडला. मी शहाणपणा केला. आधी गॅसने झोपवलं, मग निवांत सुई टोचली, आणि तसाच झोपलेला ठेवून चाळीस मिनिटांनी चित्र काढलं. कुणी चावलं नाही, कुणी किंचाळलं नाही. मला वाटलं, हे आधी का नाही सुचलं?

आमच्या नोंदवहीत भुलेचं एक सदर होतं. पहिल्या बारांपुढे मी लिहिलं होतं, 'दिली'. दुसऱ्या बारांपुढेही लिहिलं, 'दिली'. दोन्ही नोंदी खऱ्याच होत्या.

आणि चित्रं काय सांगू! औषधाविना असलेली हृदयं पडद्यावर विझत आलेल्या निखाऱ्यासारखी. औषधाची हृदयं लखलखीत, बांगडीसारखी गोल, पिवळीधमक. मॅडम सहसा कौतुक करत नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "छान." त्या दिवशी मी जिन्यावरून दोन दोन पायऱ्या चढत घरी गेले.

घरच्या जिन्यावर बाबा भेटले. माझे बाबा छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं आणि तांबड्या शाईने चुका धरायच्या. आता त्यांचं हृदय थकलं होतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. ते प्रत्येक मजल्यावर थांबून दारांवरच्या पाट्या वाचायचे. सगळ्या पाट्या पाठ झाल्या होत्या, तरी वाचायचे. कुणी बघितलं तर म्हणायचे, "अनुस्वार तपासतोय." एका जुन्या गोळीवर त्यांचं बरं चाललं होतं. धावता येत नव्हतं, पण जिना चढता येत होता.

माझी चित्रं मॅडमनी हृदयाच्या एका डॉक्टरांना दाखवली होती. प्रयोगातली गोळीही जुनी, माणसांच्या अंगवळणी पडलेली. डॉक्टर म्हणाले, वीस रोग्यांना देऊन बघू. म्हणून रीतसर परवानग्याही लवकर आल्या. अट एकच, चालू असलेली गोळी पंधरा दिवस आधी बंद करायची, म्हणजे नव्या औषधाचा गुण नीट कळेल. त्या विसांत बाबांनी स्वतःहून नाव दिलं. मी नको म्हणत होते.

"का? पोरीच्या औषधावर बापाने भरवसा ठेवू नये?"

"बाबा, मी औषध काढलेलं नाही. मी नुसतं बघितलंय."

"तेच म्हणतोय. नीट बघितलंयस ना?"

आईने तर मावशीपासून मामाच्या व्याह्यांपर्यंत सगळ्यांना फोन करून झाले होते. "पोरीने हृदयाचा इलाज शोधला!" मी हात जोडले. ती म्हणाली, "तू गप गं. तुला स्वतःचं सांगता येत नाही, म्हणून मला सांगावं लागतं."

येत्या रविवारपासून बाबांची जुनी गोळी बंद होणार होती.

त्याच आठवड्याच्या सोमवारी मऊताई कामावर आल्या. चेहरा उतरलेला, पोटाला पट्टा, पण आल्या आल्या त्यांनी एकशे चाळीस पिंजऱ्यांची विचारपूस केली. मग बाहेरच्या टेबलाशी बसून मला ऑपरेशनची कथा सांगायला लागल्या. मी अर्धं लक्ष देऊन ऐकत होते.

"शुद्धीवर आले, तर नर्स माझ्या बोटातून रक्त काढत होती. साखर चढली म्हणे! मी म्हटलं, अगं बाई, मी कालपासून उपाशी, माझ्या सात पिढ्यांत कुणाला साखरेचा आजार नाही, आणि चढली कुठून? तर म्हणाली, घाबरू नका, ऑपरेशन आणि भूल, दोन्हींनी शरीराचा हिशोब थोडा चुकतो. उतरेल. उतरली दुसऱ्या दिवशी."

"होतं असं," मी म्हटलं.

"मग आपल्या ह्यांची नाही का चढत?"

"कुणाची?"

"ह्यांची गं." त्यांनी हनुवटीने आतल्या खोलीकडे दाखवलं. "त्यांना पण भूल देता ना तुम्ही?"

मी हसले. म्हटलं, "ताई, त्यांना भूल शेवटी देतो. तोवर साखर जिथे जायची तिथे गेलेली असते. तुम्हीच तर…"

आणि माझं वाक्य तिथेच अडलं.

तुम्हीच तर जागे धरता. पहिले बारा तुम्ही जागे धरले. आणि दुसरे बारा?

मऊताई माझ्याकडे बघत होत्या. "काय झालं? पांढरी पडलीस. काही खाल्लंस का सकाळी?"

मी काहीतरी पुटपुटून वर आले आणि वही उघडली. दिली. दिली. दिली. चोवीस वेळा तोच शब्द. केव्हा दिली, किती वेळ दिली, हे ना सदर विचारत होतं, ना मी सांगितलं होतं. ज्या चाळीस मिनिटांत हृदय साखर उचलतं, तीच चाळीस मिनिटं एका गटाने जागेपणी काढली होती आणि दुसऱ्याने गॅसच्या झोपेत. औषधाचा फरक बघायला निघाले होते. फरक दोन होते, आणि त्यातला एक माझ्या हातचा.

खोटं कशाला बोलू, त्या दुपारी हात धुताना एक विचार येऊन गेला. झाकली मूठ. कुणाला कळणार होतं? वही स्वच्छ, चित्रं सुंदर, मॅडम खूश. मऊताईंनी सहज विचारलं होतं. उद्या विसरून जातील. आणि कुणी सांगावं, औषध खरंच काम करत असेलही. नळ वाहत राहिला. मग मला बाबांचा आवाज ऐकू आला, 'नीट बघितलंयस ना?' मी नळ बंद केला.

औषधाचा कणही पोटात न गेलेले आठ उंदीर शिल्लक होते, तसेच थकलेल्या हृदयाचे. मी मऊताईंना म्हटलं, "मला दोन दिवस तुमचे हात हवेत."

"पोटाला टाके पडलेत, हातांना नाहीत," त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

चार उंदीर त्यांनी धरले, जागे. चार मी आधी झोपवले. झोपलेल्यांच्या शेपटीच्या टोकाचा रक्ताचा थेंब वीस मिनिटांनी पट्टीवर घेतला, तर साखर दीडपट झालेली. गुरुवारी दुपारी शेवटचं चित्र पडद्यावर आलं. मऊताई माझ्या मागे उभ्या होत्या. एकेक उंदीर त्यांना कानावरून, मिशीवरून ओळखू येतो. चित्रावरून मात्र नाही.

"अय्या, हा केवढा लखलखतोय! ह्याला औषध दिलं वाटतं?"

"नाही, ताई. ह्याला नुसतं झोपवलं."

"आणि तो मंद दिसतो तो?"

"तो तुमच्या हातात होता."

त्यांनी आपल्या तळव्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे माझ्यामुळे तुझं बिघडलं?"

माझं सगळं काम ज्यांनी निस्तरलं, त्यांना वाटत होतं की त्यांनी बिघडवलं. मी त्यांचे दोन्ही हात धरले. म्हटलं, "ताई, तुमच्या हातात होतं ते खरं चित्र. बिघडलेलं माझं आहे."

"पण मग औषध?"

"औषधाचं अजून काहीच माहीत नाही. ज्या उजेडाला मी औषध समजले, तो भुलेचा आहे."

शुक्रवारी सकाळी मॅडमच्या खोलीत गेले. आठ चित्रं टेबलावर मांडली आणि सगळं सांगितलं. बोट चावल्यापासून नळापर्यंत. नळाचं सांगायची गरज नव्हती, पण सांगितलं. मॅडमनी चित्रं पाहिली. एक, दोन, परत पहिलं. मग म्हणाल्या, "वही दे."

त्यांनी भुलेच्या सदरावर बोट ठेवलं. बराच वेळ ते बोट तिथून हललं नाही.

"हे सदर कुणी आखलं, माहीत आहे?"

"नाही, मॅडम."

"मी. तू शाळेत असशील तेव्हा." त्यांनी चष्मा काढला. "चूक तुझी नाही असं मी म्हणणार नाही. झोपवलंस तेव्हा विचारायला हवं होतंस. पण ज्या वहीने तुला कधी विचारलंच नाही, ती माझी वही आहे." मग त्यांनी फोन उचलला आणि माझ्या देखत हृदयाच्या डॉक्टरांना सांगितलं, "थांबवा. आमचा पुरावा कच्चा निघाला. हो, सगळ्या विसांचं. हो, आजच कळवा."

पलीकडचे डॉक्टर बरंच काही बोलत होते. मॅडम 'हं, हं' करत होत्या. फोन ठेवल्यावर मला वाटलं आता माझी पाळी. तर म्हणाल्या, "रागावलेत. रागवू देत. पण ते शेवटी काय म्हणाले, सांगू? रविवारच्या आत सांगितलंत, हे उपकार झाले." आणि मग त्यांनी विचारलं, "हे तुझ्या लक्षात कसं आलं?"

"माझ्या नाही, मॅडम. मऊताईंच्या."

मॅडम उठल्या आणि माझ्याबरोबर तळघरात आल्या. किती वर्षांनी आल्या होत्या, देव जाणे. मऊताई भुसा चाळत होत्या. मॅडमना बघून हातातली चाळणी सुटायची बाकी राहिली. मॅडम म्हणाल्या, "मला दाखवा, तुम्ही कसं धरता." एवढंच. मऊताईंनी दाखवलं. मॅडमना पहिल्या फटक्यात जमलं नाही, आणि मला, कबूल करते, अगदी थोडा आनंद झाला.

घरी बाबांना सांगायचं उरलं होतं. ते खिडकीशी बसले होते. गोळ्यांची पाकिटं डब्यात भरून, वर चिठ्ठी लावून ठेवली होती, 'रविवारपासून बंद'. अक्षर कसं, छापील.

"बाबा, गोळी बंद करायची नाही. मी चुकले."

त्यांनी मला समोर बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही न बोलता. आई स्वयंपाकघराच्या दारात ओले हात घेऊन उभी. माझं संपलं तेव्हा मी रडत होते. बाबांच्या डोळ्यांत जी आशा गेले काही दिवस दिसत होती, ती माझ्या देखत विझणार होती, आणि विझवणारी मी.

"म्हणजे औषध नाही," ते म्हणाले.

"आत्ता तरी नाही. कदाचित कधीच नाही."

"हं." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. वाईट वाटलंच त्यांना. मग चिठ्ठी डब्यावरून सोलून काढली, तिची घडी केली, आणि म्हणाले, "पोरी, चाळीस वर्षं मी एकच गोष्ट शिकलो. छापून गेलेली चूक ती चूक. छापायच्या आधी सापडली तर ते नुसतं काम. तू काम केलंयस."

"आणि मी जे सगळ्यांना सांगून बसले ते?" आई म्हणाली.

"तू शुद्धिपत्र काढ," बाबा म्हणाले. आई हसता हसता डोळे पुसायला लागली, की पुसता पुसता हसायला, कोण जाणे.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "त्या बाईंना मला भेटता येईल?"

"कशाला, बाबा? तळघर आहे. तुम्हाला झेपायचं नाही."

"पिंजरे खाली न्यायला लिफ्ट असेल की नाही? त्यात बसतो. मीही उंदीरच."

पुढचं थोडक्यात सांगते. मॅडमनी नवी वही आखली. तिच्यात भुलेला सहा सदरं आहेत: कोणती, केव्हा, किती वेळ, आधीची साखर, नंतरची साखर, अंगाची ऊब. औषधाचा सगळा प्रयोग आम्ही पहिल्यापासून केला, चोवीसही उंदीर जागे धरून. औषधाने काडीचाही फरक पडला नाही. माझा प्रबंध भुलेवर झाला: झोपवलेलं हृदय आणि जागं हृदय साखर किती वेगळी उचलतं त्यावर. परवा दूरच्या एका प्रयोगशाळेतल्या बाईंचं पत्र आलं. दोन वर्षं त्यांच्या चित्रांचा मेळ बसत नव्हता. माझा प्रबंध वाचून त्याचं कारण कळलं, म्हणून आभार मानले होते. मी ते पत्र तळघरात नेऊन वाचून दाखवलं. मऊताई म्हणाल्या, "त्यांना सांग, हात गरम ठेवा."

पण बाबांची भेट त्याआधीची, पुढच्याच बुधवारची.

ते इस्त्रीचा सदरा घालून आले. सामानाच्या लिफ्टमधून खाली उतरलो. दाराशी आम्ही त्यांना पाहुण्यांचा झगा, टोपी, पायमोजे असं सगळं चढवलं. ते आत आले, रांगेने पिंजऱ्यांकडे बघत राहिले. मऊताई अवघडून उभ्या. बाबांनी हात जोडले.

"मी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका धरल्या," ते म्हणाले. "एवढ्या वर्षांत एक माणूस आभार मानायला आला नाही. शिव्या द्यायला आले ते वेगळे. म्हणून म्हटलं, आपण तरी जावं."

"अहो, मी कुठे चूक धरली?" मऊताई अगदी बावरल्या. "मला त्यातलं काय कळतं? मी आपलं विचारलं."

"तेच तर. विचारायला कुणी नसतं."

मऊताईंनी वळून एक पिंजरा उघडला, एक उंदीर उचलला आणि बाबांच्या ओंजळीत ठेवला. "माझे कसले आभार मानता? ह्यांचे माना. ह्यांना कुणी काही विचारत नाही."

बाबांची ओंजळ स्थिर होती. उंदराने त्यांचा अंगठा हुंगला. बाबा वाकून अगदी हळू, एखादं वाक्य मनात लावून बघावं तसं, काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही. मऊताईंना आलं असावं, कारण त्यांनी तोंड फिरवलं.

बाहेर पडल्यावर बाबांना धाप लागली होती. मऊताईंनी आपली खुर्ची पुढे केली आणि बाहेरच्या टेबलावरून पाण्याचा पेला आणला. "आत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, इथला नियम आहे," त्या म्हणाल्या. बाबांनी घड्याळ पाहिलं. साडेअकरा, गोळीची वेळ झाली होती. त्यांनी खिशातून रोजची गोळी काढली, जिभेवर ठेवली, आणि पेला दोन्ही हातांत धरून सावकाश पाणी प्यायले.